तिसऱ्या खेपेचा हर्निया

दुर्बिणीत एकदम सगळं लाल झालं.

डॉक्टर पगारेंनी डोळा मागे घेतला, काच पुसून घेतली, पुन्हा डोळा लावला. लालच. टेबलावर त्यांचा पेशंट झुंबर निपचित पडला होता. गॅसने फुगवलेल्या त्याच्या पोटात रक्तवाहिनी फाटली होती आणि ती नेमकी कुठं, ते त्या इवल्याशा भोकातून दिसत नव्हतं.

"बीपी पडतंय," भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एक मिनिट."

झुंबर विंचूरच्या कांदा मार्केटातला हमाल. जांघेतला हर्निया दोनदा शिवला, दोनदा पुन्हा बाहेर आला. परत फाडायचं म्हणताच त्याने पगारेंचे पायच धरले होते. "बायकांचं नसबंदीचं ऑपरेशन दुर्बिणीनं करता, सांजच्याला घरी धाडता. माझंबी तसंच करा. आता पडून राह्यलो, तर हमालांच्या टोळीतली जागा गेली माझी." नव्वदच्या सुमाराची गोष्ट; दुर्बिणीतून हर्निया शिवल्याचं तेव्हा नाशकात कुणी ऐकलं नव्हतं. परदेशात कुणी कुणी करून बघतंय, एवढंच पगारेंनी वाचलं होतं. तसं त्यांनी झुंबरला सांगितलंही. पण करून बघायचं त्यांच्याही मनात होतंच. खाटकाकडून बोकडाचं पोट आणून ते कितीतरी रविवार टाके घालत बसले होते. टाका सुरेख बसायचा. मेलेल्या बोकडाला रक्त येत नव्हतं.

त्यांनी चिमटा पुढे सरकवला. चाचपडला. काहीतरी मऊ हाती लागलं, सुटलं. मास्कच्या आत ते पुटपुटत होते, "सापड, सापड गं बाई."

"पगारे, उघडा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "जाईल हा!"

त्यांनी दुर्बीण बाहेर काढली. सुरीसाठी हात पुढे केला.

पोट उघडून त्यांनी वाहिनी बोटाने दाबून धरली, बांधली. हर्निया जुन्याच पद्धतीने शिवला. झुंबर वाचला.

दुसऱ्या दिवशी पगारे खाटेशी आले, तेव्हा झुंबरची बायको ठमाबाई त्याला चमच्याने पाणी पाजत होती. पगारेंनी काही लपवलं नाही. "चूक माझी. मला जमलं नाही. आता दोन-तीन महिने ओझं उचलायचं नाही."

ठमाबाईचा चमचा हवेतच राहिला. "मंग टोळीतली जागा?"

"गेली," झुंबर म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

आता शिवी येईल, पगारेंना वाटलं. यावीच. ते खाटेचा गज धरून उभे राहिले.

झुंबरने डोळे उघडले.

"डाक्टर, धाकल्या भावालाबी हेच दुखणं हाय. त्योबी हमालच. तुमच्याकडंच धाडनार हाय त्याला." त्याला धाप लागली. "तवर शिकून घ्या."