मुकी रास

ठमाबाईने पायली भाताच्या राशीत खुपसली, भरून वर काढली आणि पोत्यात रिकामी केली. दर्शनाने मोबाइल तिच्या तोंडापुढे धरला होता. ठमाबाई काही बोलली नाही. दुसरी पायलीही तशीच मुक्याने गेली. दर्शनाने मोबाइल खाली घेतला आणि पोत्याचं तोंड धरून बसलेल्या ठमाबाईच्या मुलाकडे, धनेशकडे पाहिलं.

"आये, बोल ना," धनेश म्हणाला. "एवढंच तर बोलायचंय."

दर्शना ठाण्याहून, नौपाड्यातल्या ऑफिसातून आली होती. तिथून भाताची हमी योजना चालते. कुठलं पोतं कुठल्या शेतातलं, त्यावर औषध मारलंय की नाही, हे गिऱ्हाइकाला खात्रीने कळावं म्हणून शेतकऱ्याला प्रमाणपत्र देतात. पूर्वी लोक कागद मागाहून घरी बसून भरायचे, आणि मग सगळ्यांचंच भात सोवळं निघायचं. म्हणून यंदा नवा नियम आला. शेत ज्याच्या नावावर, त्यानेच रास मोजता मोजता प्रत्येक पोत्याची माहिती आपल्या तोंडाने सांगायची आणि ती रेकॉर्ड व्हायची. नियम शहाण्या माणसांनी केला होता. त्यांच्यातलं कुणी आंबिवलीच्या खळ्यावर बसलेलं नव्हतं.

इथे रास मोजताना बोलत नाहीत. बोललं की राशीची बरकत जाते. पाहुणा आला तर त्याला हातानेच बस म्हणायचं, तहान लागली तर खुणेने पाणी मागायचं. पहिल्या पायलीपासून शेवटचा दाणा पोत्यात पडेपर्यंत खळं मुकं. आता आजूबाजूला टॉवर उभे राहिले, खळी जाऊन पार्किंग आली, तरी ठमाबाईने हा रिवाज सोडला नव्हता.

धनेशने दर्शनाला जरा बाजूला नेलं. त्याची नोकरी वर्तकनगरला. शेती आईच करते, आणि तिच्यानंतर ती होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. बिल्डरचा माणूस संध्याकाळी यायचा होता. प्रमाणपत्र मिळून भाताला चांगला भाव आला तर शेत ठेवू, नाही तर देऊन टाकू, असं त्याने आईला सांगूनच ठेवलं होतं. वाईट त्यालाही वाटत होतंच. बोलता बोलता त्याने खळ्यामागच्या पेंढ्याच्या उडवीकडे हात केला.

त्याची मोठी बहीण समृद्धी तिथेच वारली. धनेश तेव्हा बालवाडीत होता. राशीचाच दिवस होता. पोर पेंढा ओढायला गेली आणि तिला नाग चावला. तिने "आये" म्हणून हाक मारली, दोनदा. आई पायली भरत होती, बाप पोत्याचं तोंड धरून होता. दोघांनीही हाक ऐकली. खेळत असेल, असं वाटलं असणार, आणि रास अर्धी मोजून झालेली. कुणी ओ दिली नाही. रास संपवून उठले तोवर उशीर झाला होता. बापाने त्यानंतर खळ्यावर पाय ठेवला नाही. तोही आता राहिला नाही.

दर्शनाला रागच आला. ज्या गप्प बसण्याने पोर गेली, ते गप्प बसणं ही बाई अजून पाळते? कुठल्या बरकतीसाठी?

ती ठमाबाईसमोर उकिडवी बसली आणि शक्य तितक्या मऊपणाने म्हणाली, "मावशी, बरकत गेली तर चार दाणे जातील. शेत गेलं तर परत यायचं नाही."

ठमाबाई तिच्याकडे न बघता उडवीकडे बघत राहिली.

"मी बोलले तं शेत ऱ्हाईल ना?" तिने विचारलं. "ती उडवीची जागा पन?"

राहील, दर्शना म्हणाली. आपण स्वतः कागद पुढे पाठवू, असंही म्हणाली.

ठमाबाईने पायली भरली. "वडाखालचं शेत. कोलम. औषध मारलेलं नाय." आवाज घोगरा होता, बंद घराचं दार उघडावं तसा. पुढच्या पोत्याला ती तेच बोलली. त्याच्या पुढच्यालाही. धनेशचा चेहरा उजळला. मध्येच एकदा तिने हात वर केला आणि मान उडवीकडे कलती करून थांबली. रेकॉर्डिंग चालू आहे, थांबू नको, असं धनेशने पुटपुटत सांगितलं. ती पुन्हा बोलू लागली.

रास संपली. धनेशने नारळ फोडला, आणि बिल्डरच्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. दर्शनाने रेकॉर्डिंग लावून पाहिलं.

"मावशी, छान आलाय आवाज. मागे दुसरा कसलाच आवाज नाही."

ठमाबाईने मोबाइल मागून घेतला, कानाशी धरला आणि शेवटपर्यंत ऐकला. परत पहिल्यापासून लावायला सांगितलं. तेही सगळं ऐकलं.

"फुडल्या वर्साला पन बोलायला लागंल?" तिने विचारलं.

दर्शना हसली. "दरवर्षी, मावशी. त्याशिवाय प्रमाणपत्र टिकत नाही."

ठमाबाईने मोबाइल पदराने पुसला आणि तिच्या हातात दिला.

"मी गप ऱ्हायले का ती हाक मारते," ती म्हणाली. "दर वर्साला. त्याच्यासाठी तं शेत ठेवायचं होतं."