वरच्या टोकाचं घर

अपंग माणसांची नोंद करायला परदेशी संस्थेने मला नेमलं. सिंधुलीच्या डोंगरातल्या आमच्या गावात कुबड्या टेकत दारोदार जायचे आणि आयांना जरा दरडावूनच सांगायचे, "लेकरू लपवू नका. माझ्या आमाने, माझ्या आईने, मला कधी लपवलं का?"

स्वतःच्या घराची नोंद स्वतः करायची नाही, असा नियम. म्हणून आमच्याकडे पल्याडच्या गावची नवी मुलगी, पवित्रा, गेली. ते घर माझं, हे तिला ठाऊक नव्हतं.

परत आली ती खुशीत. "दिदी, वरच्या टोकाच्या आमा फार मायाळू. ताक पाजलं, मका भाजून दिला. म्हणाल्या, 'धाकटीचं तुमच्याच गावात जमतंय. माझ्या दोन्ही पोरी धडधाकट आहेत.'"



आम्ही बहिणी तीन.