पाळत

ऑफिसचा कॉल आला म्हणून सलोनी बाहेरच थांबली. तिचे वडील, नंदकिशोरराव, सहा वर्षांच्या नातीला, ओवीला घेऊन अॅनिमेच्या इनडोअर पार्कमध्ये शिरले. पुण्याहून टोकियोला लेकीकडे येऊन त्यांना दोनच दिवस झाले होते.

पहिल्या घसरगुंडीपासून निळ्या गणवेशातली एक बाई त्यांच्या मागे होती. भुयारातून बाहेर पडावं तर ती समोर, पुतळ्यांच्या दालनात जावं तर तिथेही. एवढ्या गर्दीत तिची नजर फक्त त्यांच्यावर! परदेशी माणूस दिसला की यांना चोरच वाटतो की काय? त्यांनी ओवीचं मनगट आणखी घट्ट धरलं.

शेवटी ती बाई जवळ आली, ओवीसमोर गुडघे टेकून बसली आणि हळू आवाजात जपानीत काहीतरी विचारू लागली. ओवीने उत्तर दिलं.

“काय म्हणतेय? खिसे तपासायचेत का माझे?” नंदकिशोरराव चिडून म्हणाले.

“नाही आजोबा. ती विचारते, हे तुझ्या ओळखीचे आहेत का?”

“मग तू काय सांगितलंस?”

ओवीने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“म्हटलं, थोडेसे. फोनवर दिसतात ते.”