किल्ल्याचा पत्ता

नात प्रेरणाला पत्त्यांचा हा खेळ मीच शिकवला. "गरुड, वादळ आणि किल्ला हातात एकत्र आले, की एका डावात जिंकशील. तोवर मार खा, पण घाई करू नकोस."

भोरच्या अंतिम सामन्यात गरुड आणि वादळ तिच्या हातात आले. किल्ला काही येईना. समोरच्या दानिशने तिचा एकच गुण शिल्लक ठेवला होता आणि घरून आणलेल्या तिच्या गड्डीत तीनच पत्ते उरले होते.

"आजोबा, हरले मी." तिचे डोळे भरले.

"धीर धर. किल्ला त्या तिघांतच हाय, जातोय कुठं?"

तेवढ्यात विंझरहून तिच्या आजीचा फोन आला.


"पोरीला म्हणावं, भिऊ नगं. तुमीच म्हणला ना, सगळं किल्ल्यावर हाय? तो पत्ता म्या सकाळीच हळदकुंकू लावून देवापुढं ठेवलाय."