शब्द कुठून आला

"आई, 'दरोडा'चा अर्थ मिळाला, बळजबरीने केलेली चोरी. पण शब्द कुठून आला, ते पण लिहायचंय," म्हणत जुईने वही पुढे सरकवली.

सुनेत्राचा हात आपसूक कानाच्या फाटलेल्या पाळीकडे गेला.

"शब्दाचं ठाऊक नाही. माणसं मात्र दारातूनच आली. भर दुपारी, पाणी मागत. तहानलेल्याला नाही म्हणू नये, असं आईनं शिकवलेलं. मी तुझ्याएवढीच होते. कडी मीच काढली."

जुई उठून पाण्याची बाटली भरून आली, तेवढ्यात बेल वाजली. जाळीच्या दाराबाहेर घामाघूम पार्सलवाला उभा होता.

"बाळा, घोटभर पाणी देतेस?"

सुनेत्रा उठेपर्यंत जुई दाराशी पोचली होती. भरलेली बाटली पाठीमागे लपवून ती म्हणाली, "आमच्याकडे पाणी नाहीये, काका."