अकरावा प्रश्न

सर्वेक्षणाच्या बाई फॉर्म घेऊन घरी आल्या. ऐकू न येणाऱ्या तरुण मुलामुलींच्या मनाचं काय चाललंय, ते समजून घ्यायचं होतं. या घरातली थोरली एकोणीस वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. हातांची भाषा घरात नीट यायची ती एकट्या धाकटीला, म्हणून कॉलेज बुडवून तीच दोघींच्या मध्ये बसली होती.

"धाकटीचा मला काही घोर नाही," पाण्याचा ग्लास पुढे करत आई म्हणाली. "फार समजूतदार आहे. जीव टांगणीला असतो तो या थोरलीपायी."

आई आत गेली. बाई प्रश्न वाचत, धाकटी तो हातांनी विचारी, थोरली उत्तर देई आणि धाकटी ते बोलून सांगे. झोप लागते? लागते. मैत्रिणी आहेत? ढीगभर आहेत. थोरलीने तर बाईंच्या घसरत्या चष्म्याचीही नक्कल करून दाखवली. बाईंना हायसं वाटलं.

मग अकरावा प्रश्न आला. "गेल्या दोन आठवड्यांत, जगून काही उपयोग नाही असं कधी वाटलं का?"

"हो. जवळजवळ रोज वाटतं," धाकटी म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. समोर थोरली अजून चष्म्यावरून हसत होती.

"तिला पुन्हा एकदा विचार गं," बाई हळूच म्हणाल्या. "प्रश्न नीट कळला नसेल."

धाकटीने मान खाली घातली.



"तिला मी अजून विचारलेलाच नाही."