न उघडलेला एक मेल

ऑपरेशननंतर घशाला कोरड पडली होती, तरी वीणाताईंनी पाण्याआधी फोन मागितला.

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या त्यांच्या गटाकडे मागण्या मेलवर यायच्या, त्याही फक्त ताईंच्या खात्यावर. गेल्या वर्षी त्या तापानं फणफणल्या, एका मुलीचा मेल तसाच पडून राहिला आणि पुस्तकाविना ती नापास झाली. त्यानंतर ताईंनी नाइलाजानं गटासाठी सामायिक इनबॉक्स उघडू दिला. पण सगळ्यांचं काम म्हणजे शेवटी कुणाचंच नाही, ही धाकधूक होतीच.

आज बघितलं, तर सगळ्या मेलना उत्तरं गेली होती. एकच न उघडलेला दिसत होता. नेमका त्याच मुलीचा!

त्यांनी फोन लावून गटातल्या हिमानीला झापलंच. "अगं, तिचा मेल पुन्हा राहिला!"

"राहिला नाही ताई, ठेवलाय," हिमानी म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी वाचला आणि दर वेळी परत 'न वाचलेला' करून ठेवला. तुम्हाला नवाकोरा मिळावा म्हणून."

ताईंनी मेल उघडला.

"पास झाले, ताई! पुढच्या वर्षाची पुस्तकं कधी देताय?"

मग कुठे त्यांना तहान आठवली.